वाद्याला हात न लावणारे दाजी

ज्याला एकही वाद्य वाजवता येत नाही आणि तरीही ज्याच्या घरात सकाळ-संध्याकाळ चाळीस वाद्यं वाजत असतात, असा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच आहे, आणि त्याच्याशी माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न झालेलं आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्थळ आलं तेव्हा ‘मुलाला संगीताची आवड आहे’ एवढंच आमच्या कानावर आलं होतं. माझे वडील, म्हणजे अण्णा, टपाल खात्यात नोकरी करत आणि पंचवटीतल्या एका भजनी मंडळात पेटी वाजवत. नोकरी पोटासाठी होती आणि पेटी बाकी सगळ्यासाठी. संगीताची आवड हे शब्द ऐकल्यावर त्यांनी पत्रिका उघडूनही पाहिली नाही. बघण्याच्या कार्यक्रमात ताईला कोणी काही विचारलंच नाही. पोहे संपताच अण्णांनी पेटी मुलापुढे सरकवली आणि म्हणाले, “घ्या, होऊन जाऊ द्या काहीतरी.” दाजींनी पेटी चारही बाजूंनी न्याहाळली, पट्ट्यांवरून नुसती नजर फिरवली आणि म्हणाले, “तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीतली फट बाकीच्यांएवढी नाहीये.” अण्णांनी पेटी मागे ओढून घेतली. ताईला मात्र मुलगा पसंत पडला, कारण इतका वेळ तिच्याकडे न बघता तो निदान कुठल्यातरी वस्तूकडे नीट बघत होता.

दाजी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. दिवसभर लोखंडी भाग मोजायचे आणि केसाएवढा फरक निघाला तरी परत पाठवायचे, हा त्यांचा धंदा. सवय घरीही यायचीच. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी ताईच्या पोळीची जाडी कारखान्यातल्या मोजपट्टीने तीन ठिकाणी मोजली. चौथ्या ठिकाणी मोजायच्या आत ताईने पोळी काढून घेतली आणि त्या दिवशी त्यांना भात वाढला. पण हातापेक्षा त्यांचा कान जास्त मोजायचा. आमचा कुकर काळी चारमध्ये शिट्टी देतो आणि शेजाऱ्यांचा जरा उतरलेला आहे, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून ते आवाज गोळा करत हिंडायचे. देवळ्याला आमच्या मावसभावाचं लग्न होतं, तेव्हा हे मंगलाष्टकांच्या वेळी मांडवात नव्हतेच, कांद्याच्या लिलावात बोली पुकारणाऱ्याच्या तोंडासमोर माइक धरून उभे होते. दिंडोरीच्या एका द्राक्षबागेत फवारणीचा ट्रॅक्टर चालू असताना ते त्याच्यामागे पळत गेले आणि पुढचे आठ दिवस घरात त्यांच्याजवळ एकही डास फिरकला नाही. आमच्या आत्याची शिंक मिळवण्यासाठी तर त्यांनी तिच्यासमोर मिरच्या भाजायला लावल्या होत्या.

या सगळ्या आवाजांचं ते काय करतात, हे आम्हाला बरीच वर्षं कळत नव्हतं. आधी त्यांच्याकडे एक लहानसा कीबोर्ड होता, त्याच्या पट्ट्यांना त्यांनी कधी हात लावला नाही, फक्त ठेक्याची बटणं दाबून बघितली. मग नव्वदी संपता संपता त्यांनी कोणाकडून तरी जुना कॉम्प्युटर आणला. त्यात त्यांनी गोळा केलेला एकेक आवाज भरला आणि माऊसने टिचक्या मारत तो एका रांगेत लावायला सुरुवात केली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की हा माणूस पडद्यावर रांगोळीचे ठिपके काढतोय. पण शेवटी बटण दाबलं की त्यातून संबळ, हलगी, सनई, घुंगरू असं काय काय बाहेर पडायचं की अंगावर काटा यायचा. माझ्या तरी यायचा. अण्णांच्या येत नसे.

दर रविवारी अण्णा सिडकोत लेकीकडे जेवायला जात आणि जेवणानंतर सासरे-जावयांचा वाद रंगे. अण्णांचं म्हणणं सरळ होतं: ज्याच्या बोटाला घट्टा नाही तो वाजवणारा नव्हे, आणि ज्याला वाजवता येत नाही त्याने संगीत करू नये. दाजी अत्यंत नम्रपणे म्हणायचे, “अण्णा, स्वयंपाक करणाऱ्याला कांदे पिकवता यायलाच हवेत का?” अण्णा सुपारी कातरत म्हणायचे, “पिकवता नाही आले तरी चालेल, जावईबापू. चिरताना डोळ्यांत पाणी तरी येऊ दे.” दाजी हसायचे, पण मला त्यांचा उतरलेला चेहरा दिसायचा. कारखान्यातले साहेब, गल्लीतले लोक, गॅदरिंगसाठी संगीत करून घेणारे शाळेतले मास्तर, सगळे त्यांना कलाकार म्हणायचे. त्यांना मात्र एकाच माणसाने एकदा वादक म्हणायला हवं होतं, आणि तो माणूस पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायचा, “हे आमचे जावई. कारखान्यात असतात.”

एका गणपतीत ही संधी अगदी दारात आली. त्यांच्या कॉलनीच्या मंडळाने हलता देखावा केला होता, राक्षसाच्या वधाचा, आणि त्याचं सगळं संगीत दाजींचं होतं. राक्षस कोसळतो तेव्हाचा भयंकर आवाज म्हणजे आत्याची शिंक होती, चौपट संथ केलेली. आत्याला कळलं तेव्हा ती आधी रुसली आणि मग रोज एकेका मैत्रिणीला घेऊन देखावा बघायला येऊ लागली. पण लोकांना वेड लावलं ते वधाआधीच्या ढोलाने. मंडळाचे अध्यक्ष इतके खूश झाले की त्यांनी ती कॅसेट गंगापूर रस्त्याकडच्या एका गावातल्या ढोलपथकाला परस्पर देऊन टाकली आणि बजावलं की मिरवणुकीत हेच वाजलं पाहिजे. दाजींना याचा पत्ता नव्हता. रविवारी जेवणं चालू असताना पथकाचा म्होरक्या दारात येऊन उभा राहिला. चांगला धिप्पाड गडी, उजव्या हाताला फडकं बांधलेलं.

“ह्यो ढोल वाजिवलाय कुनी?” त्याने कॅसेट पुढे धरली. “मला त्या मानसाचं दर्शन घ्यायचंय. आठ दिस झाले पोरं घासत्यात, कुनाला जमंना. माझ्या हाताची साल निघाली.”

अण्णांचा घास हातात राहिला. दाजी उठले, हात धुतले आणि कॅसेट लावून ऐकायला लागले, जणू ती दुसऱ्याच कोणाची आहे. म्होरक्या एकेका ठिकाणी बोट वर करून सांगू लागला. “हितं बघा. टिपरू चालू हाय, दुसऱ्या अंगाला थाप हाय, अन् त्याच वख्ताला काठावर टिचकी. ह्याला तीन हात लागत्यात. देवाला असतील, मानसाला नाय.”

आणि ते खरंच होतं. ढोल वाजवणाऱ्याला दोन हात असतात ही गोष्ट दाजींनी कधी लक्षातच घेतली नव्हती. त्यांनी आवाज मोजले होते, हात मोजले नव्हते. कान लाल करून त्यांनी म्होरक्याला कॉम्प्युटर दाखवला, माऊस दाखवला, ठिपक्यांच्या रांगा दाखवल्या. म्होरक्याने सगळं नीट बघून घेतलं. तो रागावला नाही. “म्हंजे वाजिवलं कुनीच नाय व्हय,” एवढंच म्हणाला, आणि निघताना म्हणाला, “पर चीज लय भारी हाय सायेब. सोडायची नाय.” मिरवणुकीत त्याने एका ढोलावर दोन गडी लावले, एक टिपरू आणि थाप सांभाळणारा आणि दुसरा नुसता काठावर टिचक्या मारणारा, आणि त्या ढोलापुढे लोक भान हरपून नाचले. दाजींनी ते रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितलं. त्या दिवशी ते टेपरेकॉर्डर घरी विसरले होते. अण्णांना मात्र वर्षभर पुरेल इतकं खाद्य मिळालं. कोणीही आलं की ते म्हणायचे, “आमच्या जावईबापूंना तीन हात आहेत, फक्त वाजवायला एकही चालत नाही.” ताई एकदा चिडून म्हणाली, “अण्णा, पुरे की आता.” तेव्हा कुठे ते थांबले. त्यांच्या मनात वाईट काही नसायचं, पण गंमत कुठे बोचायला लागते हे त्यांना कधीच कळत नसे.

पुढे चार-पाच वर्षांनी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. वाचा परत आली, पाय परत आला, डावा हात मात्र आला नाही. डावा हात म्हणजे भात्याचा हात. उजवा अगदी ठणठणीत होता, पण एका हाताने पेटी वाजत नाही. अण्णांनी पेटी पलंगाखाली ढकलायला लावली आणि भजनी मंडळाला निरोप पाठवला की दुसरा माणूस बघा. ते फारसं बोलेनासे झाले. आम्ही त्यांना हवापालट म्हणून ताईकडे नेऊन ठेवलं, तर तिथे ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

दाजींनी यावर जे केलं ते फक्त दाजीच करू शकतात. त्यांनी कारखान्यातल्या भंगारातून एक मोटर मागून आणली, तिला दांडा जोडला, अण्णांची पेटी पलंगाखालून काढून आणली, दांड्याला तिचा भाता जोडला आणि मिनिटाला किती झोके घालायचे ते घड्याळ लावून ठरवलं. महिनाभर खटपट करून त्यांनी ते यंत्र अण्णांपुढे मांडलं आणि बटण दाबलं. भाता आपोआप हलू लागला. अण्णांनी खूप वेळ नुसतं बघितलं, मग उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. सूर निघाला. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन ओळी झाल्यावर अण्णा थांबले आणि म्हणाले, “छान आहे हो. पण हिला दम लागत नाही.” दाजींनी लगेच मोटरचा वेग कमी केला. अण्णा म्हणाले, “तसं नव्हे.” कसं ते मात्र त्यांना सांगता येईना. तरी ते रोज वाजवू लागले, जावयाने एवढा खटाटोप केलाय म्हणून असेल, किंवा पेटीवाचून राहवत नव्हतं म्हणून असेल.

ते दिवस लोडशेडिंगचे होते. एका दुपारी अभंगाच्या ऐन मध्यावर वीज गेली. मोटर बसली, भाता बसला, सूर खाली जाऊ लागला. अण्णांचा हात पट्टीवर तसाच होता आणि चेहरा असा झाला की शेजारी बसलेल्या दाजींनी विचार न करता भाता पकडला आणि हलवायला सुरुवात केली. अण्णांनी ओळ पुरी केली. मग म्हणाले, “जावईबापू, सायकलीत हवा भरताय का?”

संध्याकाळी वीज आली, पण मोटर परत कोणी लावली नाही. दुसऱ्या दिवसापासून दाजी कारखान्यातून आले की हात-पाय धुऊन पेटीपलीकडे बसायचे, सुटीच्या दिवशी दुपारपासूनच. सुरुवातीला ते मनात आकडे मोजत, ते आम्हाला ओठांवरून कळायचं. अण्णा ओरडायचे, “मोजू नका! मी कुठे थांबतोय ते बघा. शब्द संपला की तुम्हीही श्वास सोडा. आता नका ओढू, आता मला हळू जायचंय.” आयुष्यभर मापं घेत आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दमाने चालायला शिकायचं होतं, आणि त्याला बरेच महिने लागले. हात भरून यायचा, तळव्याला फोड यायचे, ताई हळद लावायची. या काळात त्यांनी कॉम्प्युटरवर जे थोडंफार केलं ते मी ऐकलं, आणि त्यात मला मध्येच रिकाम्या जागा सापडू लागल्या. आधी तिथे काहीतरी ठासून भरलेलं असायचं. मी तसं म्हटलं तर दाजी म्हणाले, “तिथे माणसाला श्वास घ्यायला लागतो ना.”

भजनी मंडळातले एक जुने गृहस्थ एकदा अण्णांना भेटायला आले. अण्णांच्या लुळ्या हाताकडे बघून त्यांनी जपून विचारलं, “पेटी... मग आता बंदच असेल?” अण्णा म्हणाले, “बंद कशाला? आम्ही दोघं वाजवतो.” असं म्हणून त्यांनी दाजींकडे मान वळवली आणि ठणकावून सांगितलं, “वादक आहेत. बसा, ऐकून जा.” दाजी पाणी आणतो म्हणून उठून आत गेले आणि रिकाम्या हातानेच बाहेर आले.

अण्णा आणखी दोन वर्षं वाजवत राहिले. आता त्यांना जाऊन बराच काळ झाला आहे, आणि दोघांची आठवण आली की मला एकच दुपार दिसते. मी ताईकडे गेलो होतो. दारातूनच पेटीचा सूर ऐकू येत होता, पण तो एकच सूर होता, पुढे सरकत नव्हता. आत पाहिलं तर अण्णांना वाजवता वाजवता डुलकी लागली होती. बोट मात्र पट्टीवर तसंच राहिलं होतं. सूर तुटला असता तर ते जागे झाले असते, म्हणून दाजी त्यांच्या झोपेच्या श्वासाबरोबर, अगदी हलक्या हाताने, भाता हलवत बसले होते. ताई चहा घेऊन आली, तिला त्यांनी डोळ्यांनीच दारात थांबवलं. ती थांबली, मीही थांबलो, आणि चहा गार झाला.