स्थळासाठी काढलेला फोटो

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. तेव्हा आता तुम्ही माझी केलीत तरी तक्रार नाही...

मी शारजात अल नहदाला राहतो. ऑफिसात नोकरी, फोटोग्राफीचा नाद. धाकटा भाऊ दत्ता इथेच साइटवर सुतारकाम करतो, वय बत्तीस. चिपळूणजवळचं स्थळ आलं होतं, पत्रिका जुळली होती, मुलीकडच्यांना फक्त फोटो हवा होता. आणि ह्याचे सगळे फोटो हेल्मेट घातलेले! मग सुट्टीच्या दिवशी माझा निळा शर्ट घालायला लावून त्याला कलब्याला नेलं. समुद्राजवळचा जुना किल्ला, आसपास चिटपाखरू नाही, कलतं ऊन.

"हस की गाढवा, मुलगी बघणारेय."

"यल्ला दादा, लवकर काढ. कॉलर काचतेय."

किल्ल्याच्या दारात त्याला उभं करून फोटो काढले. दोघांनीही पाहिले. पोरगा खरंच देखणा आला होता. तिथूनच मुलीच्या वडिलांना पाठवले.

परतीच्या वाटेवरच त्यांचा फोन आला. गाडीत स्पीकर चालू, दत्ता शेजारी.

"चेष्टा करता का आमची? सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात पोरगी बांधू?"

मी काही बोलायच्या आत फोन कट. मला वाटलं, भलताच फोटो गेला. म्हणून तोच आईला पाठवला. तिनं विचारलं, "शर्ट तुझा दिसतोय, पण हे गृहस्थ कोण रे?"

ऑफिसातही सगळ्यांना म्हाताराच दिसला. नंतर दुसऱ्या मोबाइलवर, दुसऱ्या जागी काढलेल्या फोटोंचंही तेच. समोरासमोर मात्र दत्ता सगळ्यांना होता तसाच दिसतो. फोटोत तो तरुण दिसतो फक्त आम्हा दोघांना. फोटोतल्या जाणकारांना विचारलं, डॉक्टर झाले... कारण आजही कुणाला सांगता आलेलं नाही. लग्न तर मोडलंच. पण आता गावी जायचं तिकीट काढायचीही दत्ताला भीती वाटते. घरच्यांनी दारातच ओळखलं नाही तर?

गेल्या रविवारी त्यानं हिय्या करून आईला व्हिडिओ कॉल लावला. "आई, मी..." एवढंच म्हणाला. आईला आवाजही ओळखू आला नाही. तिनं घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला.

"नमस्कार. आमचा दत्ता आहे का हो तिथे? बरेच दिवस दिसला नाही."

दत्तानं माझ्याकडे पाहिलं.

"ड्युटीवर गेलाय," तो आईला म्हणाला. "आला की सांगतो."