वांझ कुंडीचं बी

काचबाई आणि तिचा दीर यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. दोघं एकाच वनस्पती-प्रयोगशाळेत कामाला. ती आत टेबलाशी, तो बाहेर काचघरात माळी. मध्ये एक दार. दोघांपैकी ज्याला ते उघडं दिसे, तो आपटून लावी.

काचबाई हे नाव तिला कामावरून पडलं. कोवळ्या मुळाचं मोहरीएवढं टोक रंगात भिजवायचं, काचपट्टीवर ठेवायचं, वर पातळ काच, तिच्यावर टीपकागद, आणि अंगठ्याने सरळ दाब द्यायचा. अंगठा सरकला की पेशी एकमेकींवर चढतात आणि मुसळ केरात. तिचा अंगठा सरकत नसे. जीभ मात्र सरके.

दिरावर तिचा राग जुना होता. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा हा सख्खा भाऊ एकदाच आला, आणि जाताना त्याची सायकल घेऊन गेला. "नुसती पडूनच होती ना, वहिनी," म्हणाला. ते वाक्य तिने लोणच्यासारखं मुरवत ठेवलं होतं.

काचघरात एका कुंडीत दोन जातींचा संकर वाढत होता. आईच्या जातीत गुणसूत्रं चौदा, बापाच्या जातीत अठरा. दोन्हीकडून निम्मी येऊन या झाडाकडे झाली सोळा, पण त्यातल्या एकालाही जोडीदार मिळेना. त्यामुळे फुलं डवरून यायची, बी मात्र धरत नव्हतं. सगळे तिला वांझ कुंडी म्हणत.

एका सकाळी दिराने चिमूटभर बी आणून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. "साहेब, वांझ कुंडीनं बी धरलं! एकाच फांदीवर."

"धरेल कसं?" काचबाई मान वर न करता म्हणाली. "शेजारी आईबापांच्या कुंड्या आहेत, त्यांतलं असेल. भाऊजींना स्वतःची चप्पल ओळखता येत नाही."

"वहिनी, तोंडाला लावायचं कुलूप कुठं मिळतं? तेवढं मी बरोबर ओळखून आणीन."

साहेब हसले नाहीत. कुंड्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल याच्या हातून आधी एकदा झाली होती. "या वेळी बी मिसळलं असेल, तर काचघराची किल्ली इथे ठेवून घरी जायचं. बाई, तुम्ही गुणसूत्रं मोजा."

काचबाईला आयतं कोलीत मिळालं. ओल्या कागदावर बी तिने स्वतः रुजवलं, दिराला बोटही लावू दिलं नाही. मुळं फुटल्यावर पहिली काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर बत्तीस! पेशी एकमेकींवर चढून मोजणी चुकली असणार. काच टाकून दिली. दुसरीतही बत्तीस. या वयात अंगठा सरकायला लागला की काय, म्हणून तिने त्यालाच दोन शिव्या हासडल्या. तिसऱ्या काचेत एक पेशी अगदी मोकळ्या जागेत, एकटीच बसली होती. बत्तीसच.

"काय निघालं?" साहेब दारात उभे होते. "चौदा की अठरा?" त्यांच्यामागे दीर, मुठीत किल्ली आवळून.

चौदा एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला, गोड लागला.

"बत्तीस," ती थुंकल्यासारखी म्हणाली.

साहेब सूक्ष्मदर्शकावर वाकले ते उठेचनात. "दुप्पट," अखेर ते हळूच म्हणाले. "त्या फांदीत सगळा संच दुप्पट झालाय. प्रत्येकाला जोडीदार मिळाला, म्हणून बी धरलं. आता याचा आईबापाशी संकर केला, तरी रोपं वांझच निघतील. निराळी जातच म्हणायची ही! फुलझाडांच्या नव्या जाती अशाच फुटत आल्या आहेत, पण आपल्या कुंडीत!" बोलता बोलता ते फोनकडे धावले.

खोलीत दोघंच राहिली.

"चौदा म्हणाला असतात, तर तुमच्यामागची माझी पीडा टळली असती," दीर म्हणाला.

"तुमच्यासाठी काचेत खोटं बघू? तेवढी तुमची लायकी नाही."

 तिला वाटलं, आता आभार मानतो की काय हा मेला. तर तेही नाही.

"त्या फांदीची कलमं करा," ती म्हणाली. "चिठ्ठ्या मी लिहीन."

"म्हणजे लावायचं मी, जपायचं मी, आणि मेलं तर?"

"तर तुम्हीच मारलंत म्हणून साहेबांना सांगेन."

"सांगा," तो म्हणाला. किल्ली खिशात टाकून तो कात्री शोधायला लागला, आणि ती काचबाईच्याच टेबलावर सापडली तेव्हा न विचारता उचलून घेऊन गेला.