गरम झऱ्याला पाळ

माझ्या मामांचा उजवा गुडघा मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली त्याच साली आखडला. वैद्य त्याला वात म्हणत, मामी रुसवा म्हणायची. तीन पिढ्यांनी बांधलेला तलाव सरकारजमा झाला आणि दिवसभर त्याच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, फिरणारे मामा ओसरीवरच्या खुर्चीत जाऊन बसले. उठताना असे कण्हायचे, की गोठ्यातले बैल माना वळवून बघत.

तेही चालून गेले असते. पण मुलीचे लग्न ठरले. कन्यादानाला बापाने पाटावर मांडी घालून बसायचे, आणि मामांना मांडी काही घालता येईना. मग बसणार कोण? धाकटा भाऊ. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरच्या एका मोहाच्या झाडापायी मामा त्याच्याशी कित्येक वर्षे बोलत नव्हते.

“मंग त्याईलेच बसवू,” मामी सुपारी कातरत म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी बैलगाडी जुंपली गेली. बोदलकसाच्या तलावापलीकडे डोंगरात गरम पाण्याचा झरा आहे, असे मामांनी ऐकले होते. गरम पाणी घरच्या चुलीवरही होते, असे मी सुचवून पाहिले.

“चुलीच्या पान्यात काय गुन हाये गा?” मामा गरजले.

गाडीत मामा, मामी, मी आणि मामांची कुदळ. गुडघ्याच्या औषधाला कुदळ कशाला, हे विचारायचे मला सुचले नाही. शेवटचा चढ मामा माझ्या पाठीवर बसून चढले. तिथून ते मला वाट दाखवत होते, आणि तीही चुकीची.

झरा म्हणजे खडकाच्या फटीतून येणारी करंगळीएवढी धार! पण वाफाळती. मामीने तांदळाची पुरचुंडी धारेखाली धरली, तर दाणे शिजले. खाली एक पाय बुडेल एवढा खळगा होता. मामांनी त्यात गुडघा बुडवायचा, एवढेच काम.

मामा खळग्याकडे बघतच नव्हते. खळग्यातून सांडून जाणाऱ्या पाण्याकडे बघत होते. घराला आग लागल्यासारखे ओरडले, “अरे, पानी वाहून जाऊन राहिलं ना!”

“जाऊ द्या ना, मामाजी.”

“कायले जाऊ देऊ? कुदळ आन!”

आणि सुरू झाले काम. मी दगड आणायचे, मामांनी रचायचे. माती खणली, चिखल तुडवला, पाळ उभी राहिली. दुपार झाली तरी आत वीतभरच पाणी. धार बारीक पडते, म्हणून मामांनी शेजारचा ओढा फोडून आत घेतला. घटकाभरात ती इवल्याशा तळ्याची बोडी काठोकाठ भरली. असे देखणे तळे मी पाहिले नव्हते. हात घालून बघितला, तर थंडगार!

मी सांगणार, तोच मामीने माझे मनगट धरले आणि डोळ्यांनी दाखवले. मामा चिखलात चक्क मांडी घालून पाळ थापत होते.

“चूप,” ती कुजबुजली. “त्याईले सांगशीन त गुडघा परत दुखन.”

मग मामा पाण्यात उतरले. दात वाजत होते, ओठ निळे पडले होते. पण स्वतः बांधलेल्या बोडीला नाव ठेवतील ते मामा कसले!

“काय गरम हाये गा!” ते म्हणाले.

घरी परतल्यावर मामीने त्यांना खुर्चीत बसू दिले नाही. रोज धानाच्या बांधीवर पिटाळले. लग्नात मामा पाटावर ऐटीत बसले. मागे धाकटा भाऊ नवे धोतर नेसून, वेळ पडलीच तर म्हणून, शेवटपर्यंत ताटकळला. गुण झऱ्याचा, असे मामांनी मांडवभर सांगितले, आणि गावोगावचे गुडघे बोदलकसाकडे निघाले.

धाकट्या भावाची कंबर धरायची. तोही गुपचूप जाऊन आला आणि आठ दिवस शिंकत राहिला. मामांना राहवेना. बांधावर गाठून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ते भावाशी बोलले.

“काऊन गा, पानी गरम होतं ना?”

“लय गरम,” भाऊ नाक पुसत म्हणाला. “पर पाळ ठेंगनी होती. मी हातभर वाढवली.”