चीफच्या मॅडमसमोर

“या लोकांना वाढवून सांगायची सवय असते,” ती बाई इंग्रजीत म्हणाली. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर बसून. मला इंग्रजी कळत नाही असं धरून.

आता मी वाढवून सांगते, हे खरंय. माझा आवाजच तसा. सिंगापुरातल्या आंग मो किओच्या आमच्या ब्लॉकमधून हाक मारली तर पार पुलाउ उबीन बेटावरच्या कोंबड्या अंडी टाकून उठतात. पण त्या दिवशी मी एक अक्षर वाढवलं नव्हतं. उलट झाकलंच होतं. संडासाचं कसं सांगणार, आमचे हे समोर बसलेले असताना?

ह्यांना अर्धांगाचा झटका आला होता. बरा राहिलेला हातही थरथरायचा. घास मी भरवायचे. आंघोळ घालायची म्हणजे न्हाणीपर्यंत जहाजाचा नांगर ओढत न्यायचा. माझी कंबर धरली ती सुटलीच नाही. सरकारी मदतीतून आंघोळ घालायला रोज बाई मिळते, असं दवाखान्यात कळलं. पण आधी घरी येऊन बघणार, माणूस खरंच परावलंबी आहे का. म्हणून चिनी नर्स आली. कोवळी पोर. सोबत ही मराठी बाई, दुभाषी म्हणून. मी मागितली नव्हती. फोनवर मी ओरडून बोलते, त्यावरून ऑफिसवाल्यांनीच ठरवलं की हिला इंग्रजी येत नाही.

बाई श्रीमंतांच्या कॉन्डोतल्या. हौसेने समाजसेवा करणाऱ्या. मी चहा दिला. “गाव कुठलं?” बाईंनी विचारलं. मी सांगितलं. “त्यातली कुठली वाडी?” तेही सांगितलं. आमच्याकडे वाडी कळली की जात कळते. बाईंचं हसू होतं तसंच राहिलं. हातातला चहा मात्र खाली गेला, तो पुन्हा वर आला नाही.

मग म्हणाल्या, “माझे मिस्टर चीफ इंजिनिअर आहेत. जहाजावर.”

झालं. हे ताठ झाले.

ह्यांनी सगळा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढला, यंत्रांना तेलपाणी करणारा ऑइलमन म्हणून. चीफ आला की इंजिनसुद्धा पोट आत ओढून उभं राहायचं, असं हे सांगायचे. मी हसायचे.

नर्सने रिकामा कप पुढे केला. “अंकल, लिफ्ट.”

“उचला बघू, काका,” बाई म्हणाल्या.

आणि ह्यांनी उचलला. कपाळाची शीर फुगली, मानेवर घाम आला, पण उचलला. मी बघतच राहिले. माझ्यासाठी कधी चमचा उचलला नव्हता ह्या हाताने.

“अहो, जमतंय की!” बाई मला म्हणाल्या. तेव्हाच नर्सकडे वळून ते वाढवून सांगायचं वाक्य टाकलं. नर्सने कागदावर खूण केली.

“आता उठा, उभे राहा,” बाई म्हणाल्या.

हे उठायला लागले. दात खात, खुर्चीला रेटा देत. चीफच्या मॅडमने सांगितलं होतं. अर्धे उठले. पायजम्यावर ओल पसरली, लादीवर थेंब पडले.

“सॉरी, मॅडम,” हे म्हणाले.

स्वतःच्या घरात.

बाईंनी पाय मागे घेतले.

मी ह्यांच्या खांद्यांना धरून खाली बसवलं. मांडीवर टॉवेल टाकला. “बसा. इथे कुणी साहेब नाही.” मग नर्सला म्हटलं, “स्टॉप. आय वॉश हिम. यू आस्क मी.”

बाई दचकल्या. “अहो, मी तर मदतच करतेय.”

“चहा गार झाला, मॅडम. आता तो घेऊ नका. उठा.”

नर्स रडवेली झाली, इथल्या बोलीत म्हणाली, “आंटी, डोन्ट स्कोल्ड लाह. आय सॉ, ही कॅन लिफ्ट.”

दोघी गेल्या. संध्याकाळी ह्यांना भरवत होते. घास तोंडात तसाच ठेवून, एकेक शब्द जुळवत हे म्हणाले, “चीफच्या मॅडमला काय वाटलं असेल गं?”

अख्ख्या ब्लॉकला गप्प करणारी मी. उठले, नळ मोठा सोडला आणि पायजमा धूत बसले. धुतलेलाच पुन्हा धुतला.

काही दिवसांनी उत्तर आलं. हाताने खाऊ शकतात. आधाराने उभे राहू शकतात. मदत मिळणार नाही.

मी पुन्हा अर्ज केलाय. बजावलंय, दुभाषी नको. सकाळी या, आंघोळीच्या वेळेला. संडासाचंही सांगेन, ह्यांच्यासमोर सांगेन. लाज वाटायची तर ती विचारणाऱ्याला वाटू दे. आणि नुसतं बसून बघता येणार नाही. ज्याला तपासायचंय त्याने बाह्या वर कराव्यात, ह्यांच्या एका बगलेत हात घालावा. दुसरी बाजू मी धरेन. न्हाणीपर्यंत नेऊ, धुऊ, पुसू, परत आणू. मग काय लिहायचं ते लिहा.

पण ह्यांना ‘उठा’ म्हणायचं नाही. तो हुकूम या घरात आता कुणी देणार नाही.