थरथरणारे हात

पोस्टरं चिकटवून दुखलेल्या खांद्यावर मलम चोळलं आणि त्या वासासरशी अंबरनाथच्या मैदानावरची कबड्डीची जिल्हा निवड आठवली. निवड करणाऱ्या सरांनी सगळ्यांना हात पुढे धरायला लावले. जिचे थरथरतील ती बाद. बुवापाड्याची सुनीता आमची सगळ्यांत भारी चढाईपटू. तिचेच थरथरले.

"भूत पाहिलंस काय गं? बस खाली!"

"सर, मला दरवेळी असंच होतं. चढाईला गेले की थांबतं."

"घाबरट पोरी नकोत मला."

तेव्हा आम्हालाही ते पटलं. आता कळतं. अरे, छाती धडधडते, तळवे घामेजतात, हात थरथरतात, ते शरीर झुंजायला सज्ज होत असतं! एवढंही न कळणाऱ्या माणसाच्या हाती आमची निवड होती. सुनीताने गुडघ्याची पट्टी सोडून मला दिली. "तू खेळ," म्हणाली. ती पुन्हा मैदानावर आलीच नाही.