पुलियावरचा ड्रम

पालिकेतून निवृत्त झाल्यावर मी आठवणी लिहायला घेतल्या. नळयोजना, जुना बाजार, पुराची वर्षं, सगळं लिहून झालं. या प्रकरणाशी आलो की मात्र वही मिटून ठेवायचो. अशी बरीच वर्षं गेली. खरं काय झालं ते सांगेल असा आता माझ्याशिवाय कोणी उरलेला नाही, म्हणून लिहितो.

गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्हा लहान झाला, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. आमच्या गावातून राज्य महामार्ग जात होता. रस्ता राज्याचा, त्यामुळे त्याच्या कडेला दुकानाचा ओटा बांधायचा तरी परवानगी वरून आणावी लागे. शहरातला तुकडा पालिकेनं ताब्यात घ्यावा, असं व्यापाऱ्यांनी लावून धरलं. मुख्याधिकारी साहेब घाबरत होते. रस्ता हाती आला की त्याचे खड्डे आणि पुलिया, म्हणजे मोऱ्या, आपल्या गळ्यात. आधी दुरुस्ती करून द्या, मग घेऊ, असं ते लिहीत. आधी घ्या, असं वरून उत्तर येई. मी ओव्हरसिअर होतो. ही सगळी पत्रं माझ्याच टेबलावरून जात.

गावाच्या तोंडाशी एक पुलिया होती. तलावाचं जास्तीचं पाणी तिच्याखालून पलीकडच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, उतरे. एका बाजूचा कठडा ट्रकच्या धडकेनं पडला होता. जोराचा पाऊस झाला की पाणी रस्त्यावरून वाहे आणि रस्ता कुठे संपतो ते कळत नसे. पुलियाला लागूनच एका म्हाताऱ्या विणकराचं घर होतं. तो एक दिवस ऑफिसात आला.

"साहेब, त्या पुलियावर काहीतरी ठेवा ना. एखादा माणूस बुडन तिथं."

"बाबाजी, तो रस्ता आमचा नाही."

"बुडणाऱ्याले काय मालूम, रस्ता कोनाचा हाये?"

मला हसू आलं. मी डांबराचा रिकामा ड्रम काढायला लावला, त्यात दगड भरून घेतले, लाल-पांढरे पट्टे मारून घेतले. पेंटरनं सवयीनं त्यावर पालिकेचं नावही टाकलं. कठडा पडला होता तिथे तो ड्रम उभा राहिला. लोकांना त्याची सवय झाली. रस्त्यावर पाणी असलं की सायकलवाले ड्रमावर नजर ठेवून, त्याच्या आतल्या बाजूनं निघून जात. एक पावसाळा असा निभावला.

पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत पत्र आलं: रस्ता हस्तांतर करण्यासाठी संयुक्त पाहणी. मुख्याधिकारी साहेबांनी मला बोलावलं.

"पुलियावर आपल्या नावाचा ड्रम आहे म्हणे?"

"आहे, साहेब."

"ते उद्या फोटो काढतील आणि लिहून घेतील, रस्ता पालिकाच सांभाळते. मग दुरुस्तीही आपल्याच माथी. आजच उचला."

"पावसाचे दिवस आहेत, साहेब."

"पाहणी झाली की पुन्हा ठेवा."

मी ट्रॅक्टर घेऊन गेलो. माणसं ड्रम चढवत होती तेव्हा विणकर मागावरून उठून बाहेर आला.

"काहून नेऊन राहिले जी?"

"दोन दिवसांत आणून ठेवतो, बाबाजी."

"लिहून देता काय?" तो हसला. मीही हसलो.

पाहणीवाले आलेच नाहीत. पुढच्या आठवड्यात येतो, असा निरोप आला. आणि पाऊस लागला.

घराच्या पत्र्यावर सर वाजली की मी उठून बसे. दोनदा मी गोदामाची किल्ली घेऊन गेलो. ड्रम कोपऱ्यात होता, हाक मारली असती तर चार माणसं आली असती. पण नेमकी त्याच दिवशी पाहणी झाली तर? साहेबांना काय सांगू? दोन्ही वेळा किल्ली खिशात ठेवून मी परत आलो. तिसऱ्या दिवशी स्कूटरनं पुलियापर्यंत गेलो. रस्त्यावरून घोटाभर पाणी वाहत होतं आणि कठड्याच्या जागी विणकर उभा होता. डोक्यावर पोतं, हातात काठीला बांधलेलं लाल लुगड्याचं फडकं. "इकडून या, इकडून!" असं येणाऱ्यांना ओरडत होता. मला पाहून म्हणाला, "पाहा साहेब, आता मीच ड्रम झालो."

मी स्कूटरवरून उतरलो नाही.

त्या रात्री विणकराला ताप भरला. सकाळी गल्लीत आरडाओरडा झाला, पुलियावरून कोणीतरी वाहून गेलं. मी कपडे न बदलता निघालो. रोज त्या वाटेनं येणारा दूधवाला होता. सायकल पुलियाच्या तोंडाशी अडकली होती. तो दुपारी खालच्या बांधीत सापडला. मी गर्दीत उभा होतो आणि खरं सांगायचं तर मला आधी त्याचं दुःख झालं नाही. ड्रम कोणाला आठवतो आहे का, हे मी एकेकाच्या तोंडाकडे पाहून शोधत होतो. तिथून मी थेट गोदामात गेलो, दार लावून घेतलं आणि माझ्या हातानं त्या ड्रमावर काळा रंग फासला.

चौकशीला जिल्ह्याहून अधिकारी आले. पालिकेच्या सभागृहात विणकर अंगावर चादर घेऊन उभा राहिला. ताप उतरला नव्हता.

"ड्रम होता. पालिकेच्या ट्रॅक्टरनं नेला. ह्याच साहेबांनी नेला."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुख्याधिकारी टेबलाकडे पाहत होते.

"नव्हता," मी म्हणालो. कोणी विचारलं नसताना पुढे म्हणालो, "म्हाताऱ्याला आता नीट दिसत नाही."

"साहेब, मी अजून बारीक सूत विनतो," तो म्हणाला आणि खाली बसला.

ड्रम निम्म्या गावानं पाहिला होता. ट्रॅक्टरवर चढवणारी माणसंही दाराशीच उभी होती. कोणी बोललं नाही. व्यापाऱ्यांना रस्ता हवा होता, बाकीच्यांची पालिकेत कामं अडलेली होती, आणि त्या माणसांची रोजी माझ्या हातात होती. पुढे चहाच्या टपरीवर लोक त्याला विचारत, "काय बाबाजी, आज दिसून राहिला काय ड्रम?" तो बाजाराच्या वाटेनं जाईनासा झाला. ऑफिसच्या दारात कोणी म्हातारा दिसला की माझ्या हातातलं पेन थांबे. तो पुन्हा तक्रार घेऊन आला असेल, असं वाटे. तो कधीच आला नाही. पुलियाला महिन्याभरात नवा कठडा झाला आणि कालांतरानं रस्ताही पालिकेकडे आला. हस्तांतराच्या यादीवर 'मोरी सुस्थितीत' असं लिहून मीच सही केली.

निवृत्तीनंतर एकदा कळलं की विणकर अंथरुणाला खिळला आहे. मी गेलो. सून दाराशी तांदूळ निवडत बसली होती. माग बंद होता. त्यानं मला ओळखलं, उठायचा प्रयत्न केला, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. पावसापाण्याचं बोलून झाल्यावर तो हळूच म्हणाला,

"साहेब, त्या दूधवाल्याचा जीव माह्यामुळं गेला. ताप होता तरी मी उभं राहाले पाह्यजे होतं."

इतकी वर्षं तो हे घेऊन जगत होता, हे मला ठाऊक नव्हतं. त्याला मोकळं करायला एक वाक्य पुरलं असतं. पण सून दाराशी होती. दूधवाल्याची माणसं त्याच वस्तीत राहत होती. शब्द एकदा तोंडातून सुटला की तो त्या दाराबाहेर जाईल, या भीतीनं मी ते वाक्य आतच ठेवलं. "असं मनाला लावून घेऊ नका," एवढंच मी म्हणालो. चहा प्यालो आणि उठलो. त्याच उन्हाळ्यात तो गेला.

घरून निघताना मी मनाशी जुळवून नेलेलं वाक्य असं होतं: बाबाजी, तुमची काही चूक नव्हती, ड्रम मी उचलला आणि सगळ्यांसमोर खोटंही मीच बोललो, मला माफ करा.