दोन रेघा आणि एक चाटू

इंदू गेली त्या दिवशी आमच्या खामगावच्या घरात कुरड्यांसाठी गहू भिजत होते. आदल्या दिवशी तिनेच ते पातेल्यात घातले होते आणि मला बजावलं होतं, "पाणी रोज बदलजा बरं, विसरू नका." दुपारी जरा पडते म्हणाली आणि... उठलीच नाही. घरात माणसं जमली, फोन झाले, मुलगा नागपूरहून निघाला, आणि त्या सगळ्या धांदलीत मी मोरीपाशी उभा राहून गव्हाचं पाणी बदलत होतो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसला. धक्का बसलाच होता, पण पाणी बदलायला सांगितलं होतं हेही तितकंच खरं होतं. शेवटी शेजारच्या बाईंनी ते पातेलं माझ्या हातून काढून आपल्या घरी नेलं.

बायकोवर लिहायचं म्हणजे अवघड काम. चांगलं लिहिलं तर लोक म्हणतात, आता आठवलं. पण इंदूचं काम इथे फारसं कुणाला कळलं नाही आणि मला ते थोडंफार कळलं होतं, म्हणून लिहितो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हा आमचं लग्न झालं. मी शाळेत गणित शिकवायचो. इंदू जलंबच्या रेल्वे क्लार्कची मुलगी, नागपूरला प्राणिशास्त्र शिकलेली. लग्न ठरतानाच तिने सांगून टाकलं होतं की तिला रत्नागिरीच्या प्रयोगशाळेत समुद्रातल्या शिंपल्यांवर काम करायचं आहे. समुद्र मी तोवर नकाशातच पाहिला होता. मी हो म्हणालो. मित्रांनी महिनाभर चेष्टा केली, बायको एका टोकाला आणि नवरा दुसऱ्या टोकाला, याला संसार म्हणतात का बे? आम्ही म्हणत होतो.

आमच्या गावाकडच्या, अमडापूरच्या घरात मात्र हे पचणं कठीण होतं. माझी माय माळकरी. तिच्या सुनेने तिसऱ्यांचं, म्हणजे त्या शिंपल्यांतलं, मांस चिरायचं, तेही खाण्यासाठी नाही तर नुसतं पाहण्यासाठी, हे तिला कुणाला सांगायचीही सोय नव्हती. "खात असती तं मी समजून घेतलं असतं," ती मला म्हणायची, "नुसतं पाहून राह्यली, हे लोकायले काय सांगू?"

इंदू काय पाहत होती? शिंपला घट्ट मिटून धरणारा एक स्नायू असतो. त्याचा तुकडा ती वाटायची, त्या रसात टीपकागदाची चिंधी बुडवायची आणि बटाट्याच्या सत्त्वाची खळ शिजवून थापलेल्या जाड वडीत ती चिंधी खोचायची. मग वडीतून वीज सोडायची. स्नायूतली प्रथिनं विजेच्या ओढीने आपापल्या चालीने सरकत जातात. नंतर रंग दिला की जिथे थांबली तिथे रेघ उमटते. एका प्रथिनाच्या बाबतीत गंमत अशी होती की काही तिसऱ्यांत रेघ वर यायची, काहींत खाली, आणि काहींत दोन्ही. इंदूचं म्हणणं, ही आनुवंशिकता आहे. एक वाटा आईकडून, एक बापाकडून. दोघांचे वाटे वेगळे असले की दोन्ही रेघा दिसणार. तिच्या मार्गदर्शकांचं म्हणणं, दुसरी रेघ खोटी आहे. खळीत गुठळ्या राहतात, त्याने एकच रेघ फाटते. आणि तिच्या वड्यांत गुठळ्या होत्या, हे तिलाही नाकारता येत नव्हतं. दिवाळीपर्यंत स्वच्छ वडीवर दोन रेघा दाखवता आल्या नाहीत तर जागा दुसऱ्याला मिळणार होती. मायने तेवढं बरोबर लक्षात ठेवलं. दिवाळीनंतर सून घरी, असं तिने परस्पर सगळ्या भाऊबंदांत सांगूनही टाकलं.

त्या उन्हाळ्यात इंदू अमडापूरला आली ती पडलेल्या चेहऱ्याने. माझ्याशीही फार बोलेना. कुरड्यांच्या दिवशी उजाडायच्या आत अंगणात चूल पेटली. माय गव्हाचा चीक उकळत्या पाण्यात सोडत होती आणि इंदू लांब दांड्याच्या लाकडी चाटूने हाटत होती. लहानपणापासून केलेलं काम, त्यात नवीन काही नव्हतं. मी वाटी घेऊन चिकाची वाट पाहत बसलो होतो. एकाएकी ती हसायला लागली. हात मात्र थांबला नाही.

"काय झालं वं?" मायने विचारलं.

"काही नाही, बाई. तिथं मी खळ काचेच्या काडीनं ढवळते. चहात साखर ढवळल्यासारखं. अन् चकाकी यायच्या आधीच उतरवून टाकते. मग गुठळ्या होतीलच." मग थोडं थांबून म्हणाली, "हा चाटू मी नेऊ का?"

"काऊन? तिकडं कुरड्या करतेत काय?"

"कुरड्याच करते मी बाई, फक्त वाळवत नाही."

चीक शिजल्यावर तिने तो ताटात पसरला आणि नखाने त्यावर दोन रेघा ओढल्या. ही आईची, ही बापाची. साहेब म्हणतात, यातली एक खोटी. मायने ताटात वाकून पाहिलं. "बापालेच काढून टाकतो काय तो?" एवढंच म्हणाली आणि सोऱ्या भरायला लागली. चाटूचं काही बोलली नाही. मला वाटलं, नाही म्हणायची हीच तिची रीत.

इंदू निघाली त्या दिवशी मी तिला एसटीपर्यंत सोडायला गेलो. गाडी सुटायच्या बेतात असताना माय लगबगीने आली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला चाटू घेऊन. खिडकीतून आत देत म्हणाली, "घेऊन जाय. काम झाल्याबिगर वापस आणजो नको." सगळ्या भाऊबंदांत दिवाळीचा वायदा करून बसलेली बाई ती. परत येताना मी तिला त्याची आठवण करून दिली तर म्हणाली, "तू गुमान चाल." त्या दिवशी मला माझ्या मायचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

दिवाळीच्या सुटीत मी रत्नागिरीला गेलो. समुद्र पाहिला, चांगला होता. पण खरं पाहायचं होतं ते इंदूच्या टेबलावर. दुधी काचेसारखी साफ वडी आणि तिच्यावर निळ्या रेघा. वर एक, खाली एक, आणि काही ठिकाणी दोन्ही. त्याच शिंपल्याचा रस तिने पुन्हा पुन्हा लावून पाहिला होता. दुसरी रेघ जागची हलली नव्हती. मार्गदर्शक वाकून कितीतरी वेळ पाहत राहिले... मग सरळ होऊन म्हणाले, "चहा सांगा." इंदूने माझ्याकडे पाहिलं आणि हसू लपवायला तोंडाला पदर लावला.

पुढे ती बरीच वर्षं तिथेच राहिली, मग खामगावला कॉलेजात शिकवायला आली. तोपर्यंत आमचा संसार सुट्यांत चालला आणि खरं सांगतो, मजेत चालला. परत आल्यावर तिने चाटू मायच्या हातात दिला. "झालं काम?" "झालं, बाई." मायने तोवर सुताराकडून नवा करून घेतला होता, पण त्याला नावं ठेवण्यातच तिची वर्षं गेली होती. तो नवा चाटू तिने त्याच दिवशी चुलीत घातला.

गेल्या आठवड्यात नात मुक्ता पुण्याहून आली. आजीच्या राहिलेल्या कुरड्या करायच्या म्हणून तिने स्वतः गहू भिजवले, चीक काढला आणि खिळ्यावरचा चाटू उतरवला. दांडा उजेडात धरून म्हणाली, "आजोबा, हा दोन ठिकाणी झिजलाय. खरी पकड कुठली?" माय उंच होती, तिचा हात वर पडायचा. इंदू ठेंगणी, तिचा खाली. मी म्हणालो, "दोन्ही खऱ्या आहेत. दोन्ही हातांनी धर." तिने तसा धरला आणि हाटायला लागली, आणि मी वाटी घेऊन चिकाची वाट पाहत बसलो.